रस्त्यापलीकडून वाचणाऱ्या बाई

बालरोग विभागातल्या मोठ्या डॉक्टर बाई. माझी लेक आज माझ्या डोळ्यांपुढे खेळते आहे ती त्यांच्यामुळे. काय घडलं ते पुढे सांगतेच, पण आधी त्यांचं नाव घेतलं पाहिजे, म्हणून ही पहिली ओळ त्यांची. नाव म्हणजे एवढंच: बाई. स्वतःचं नाव पोस्टरवर मुंगीएवढं करायला लावायच्या त्या. इथं मोठं छापून आलेलं त्यांना खपायचं नाही. दुकानात आम्ही सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचो. कुणी 'मॅडम' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, आपल्या पाठीमागून दुसरंच कुणी आत आलं की काय अशा.

मी गडचिरोलीकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न झालं, नवऱ्याला नाशिकच्या अंबड भागात एका कारखान्यात काम लागलं, आणि वडसाहून गाड्या बदलत आम्ही मनमाडला उतरलो, तिथून नाशिक. गावाकडून फोन आला की मी आधी हातातलं काम खाली ठेवायची. चांगली बातमी द्यायला कोण एवढ्या लांब फोन करतं, असं वाटायचं. अजूनही वाटतं.

मोठ्या दवाखान्याजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला लागले. आधी फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकायच्या, गुंडाळ्या करायच्या. मग मालक, म्हणजे आमचे भाऊ, जेवायला गेले की कॉम्प्युटरवर बसायची मुभा मिळाली. बघून बघून शिकले. इंग्रजी मला अक्षरं जुळवून वाचता येतं, अर्थाचं भाऊ बघायचे. आमचं काम म्हणजे वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या. आणि फ्लेक्सचे आमचे काही नियम होते, ते कुणी लिहिले नव्हते पण सगळ्यांना पाठ होते. चेहरा उजळ करायचा. डाग, सुरकुत्या पुसायच्या. केस काळे, पोट आत. गेलेल्या माणसालासुद्धा आम्ही टवटवीत करून द्यायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा टचअप मारा ताई," आणि नाही म्हटलं तरी मी मारायचीच. हाताला सवय लागली होती.

अशा दुकानात बाई आल्या. भर उन्हाळा, तरी हातात काळी लांब छत्री, मिटलेली. ती त्या बारा महिने बाळगायच्या आणि कधीच उघडायच्या नाहीत. पावसात भिजत यायच्या. छत्रीचं काम वेगळं होतं. पडद्यावर बोट दाखवायला, रिक्षा थांबवायला, आणि विचार करताना हनुवटी टेकवायला. किराणा दुकानाच्या कापडी पिशवीत फुटाणे. आल्या आल्या सगळ्यांच्या तळहातावर चार चार फुटाणे ठेवायच्या, मग काम सांगायच्या. आणि सगळ्यांना 'अहो'. भाऊंना अहो, मला अहो, दारात बसणाऱ्या मांजरीला, "अहो, जरा सरकता का?"

त्यांना डॉक्टरांच्या कॉन्फरन्ससाठी पोस्टर हवं होतं. तोवर पोस्टर म्हणजे मला सिनेमाचं माहीत. त्यांनीच समजावलं. कॉन्फरन्समध्ये सगळ्यांनाच भाषण करायला मिळत नाही. मग आपण काय तपासलं, काय सापडलं, ते एका मोठ्या कागदावर मांडायचं, भिंतीला लावायचं आणि शेजारी उभं राहायचं. कुणी विचारलं तर सांगायचं. कुणी नाही विचारलं तर तसंच उभं राहायचं.

पहिलं पोस्टर मी जीव ओतून केलं. लाल-सोनेरी किनार, वर बाईंचा मोठा फोटो, मागे किरणं. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या डॉक्टरांचे फोटो खाली गोलांत, रांगेनं. मजकूर उरलेल्या जागेत. बाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"माझा वाढदिवस आहे का हो?"

"मले नाही माहीत, जी," मी घाबरून म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडून गावाकडचं निघायचं.

"मलाही आत्ताच कळलं." छत्रीचं टोक खालच्या गोलांवर गेलं. "आणि हे सगळे मला नमस्कार का करतायत?"

सगळ्यांचे नव्हते, दोघांचेच हात मी जोडून दिले होते. बरं दिसतं म्हणून.

"हात कुणाचे आहेत हे?"

"एका नगरसेवकाचे, जी. आपल्याकडं फाईल होती."

भाऊंनी कपाळाला हात लावला. बाई हसल्या नाहीत. "याची एक प्रत काढून द्या," म्हणाल्या, "कॉन्फरन्सला नाही, मला." पुढे कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पोस्टर त्यांच्या खुर्चीमागे लावलेलं होतं, नगरसेवकाच्या हातांसकट. विभागात कुणी नवं आलं की त्याला ते दाखवून म्हणायच्या, "यात आजारी मूल कुठे आहे, शोधा." ते सापडायचं नाही. खरंच कुठं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. नावं मुंगीएवढी. किनार नाही. सावल्या नाहीत. एका पोस्टरवर एकच वाक्य मोठं, बाकी सगळं त्याच्या मागून. "लग्नात सगळेच नवरदेव असले तर नवरीनं माळ कुणाला घालायची?" मोकळी जागा सोडली की भाऊंचा जीव खालीवर व्हायचा. "बाई, पैसे पूर्ण मापाचे लागतात, इथं अजून एक तक्ता बसंल." बाई म्हणायच्या, "अहो, बसेल. माणसाला श्वास घ्यायला जागा उरणार नाही."

आणि त्यांची वाचायची रीत. पडद्यावर प्रूफ बघायच्याच नाहीत. साध्या कागदावर पूर्ण मापाचं प्रूफ काढायला लावायच्या. भाऊंनी आणि मी ते दुकानाबाहेर दोन्ही टोकांना धरायचं, आणि बाई रस्ता ओलांडून पलीकडे चहाच्या गाडीपाशी जाऊन उभ्या. मधून रिक्षा, बस, द्राक्षांचे क्रेट लादलेल्या गाड्या. एखादा मधेच थांबला की बाईंची छत्री त्याच्या बॉनेटवर. "अहो पुढे व्हा, मी वाचतेय!" ड्रायव्हर इकडे तिकडे बघायचा, त्याला पुस्तक कुठं दिसायचं नाही.

चहावाल्या मामांना त्या विचारायच्या, "मामा, काय दिसलं?"

मामा गाळणी झटकत म्हणायचे, "लाल."

"आणखी?"

"लालच. अन् या दोघांचे पाय."

मग बाई तिथूनच ओरडायच्या, "लाल काढा!" येणारे-जाणारे थांबायचे. मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं, आणि भाऊ कागदामागून म्हणायचे, "लय झालं राव. आपण काय भिंत हाय का?" पण तेही कागद सोडायचे नाहीत.

या उन्हातल्या खटाटोपाचं कारण बाईंनी एकदा सांगितलं. "कॉन्फरन्समधला डॉक्टर पोस्टर वाचायला येत नाही हो. तो चहा घ्यायला येतो. कप हातात घेऊन परत जाताना आपल्यासमोरून जातो. तेवढ्यात त्याला धरायचं. त्याचा चहा गार झाला पाहिजे." हाच त्यांचा हिशेब. परत आल्यावर भाऊ विचारायचे, "काय बाई, बक्षीस वगैरे?" बाई फुटाणे वाटत म्हणायच्या, "नाही हो. सगळे गरम प्यायले."

पण यापेक्षाही वेगळी एक खोड होती. प्रत्येक पोस्टरची त्या दुसरी प्रत काढायच्या, मराठीत, सोप्या शब्दांत. ती कॉन्फरन्सला जायची नाही. ज्या मुलाचा आजार त्यात मांडलेला असे, त्याच्या घरी जायची. आईबापांपुढे ती उलगडायची, वाचून दाखवायची, आणि त्यांनी "हे असं नव्हतं झालं" म्हटलं तर पोस्टर बदलायचं. विभागातले इतर डॉक्टर म्हणत, सही घेतलेली असते, परवानगी असते, मग एवढं कशाला? बाई म्हणायच्या, "ज्याचं दुखणं मांडलंय त्याला आधी दाखवायचं. पहिली कॉन्फरन्स त्याच्या ओसरीवर." मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचं. डिझेल जाळून कोण जातं इतक्या आत?

पुढे एका वर्षी मला पाचवा महिना लागला. दुकानात अजून सांगितलं नव्हतं. ओढणी पुढं घेऊन बसायची. बाईंचा एक शिकाऊ डॉक्टर पेनड्राइव्ह घेऊन आला. पोस्टर सिकलसेलचं होतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, तो आजार. आईकडून आणि बापाकडून थोडा थोडा येतो. त्या दोघांना काही होत नाही, कळतही नाही. बाईंना मोठं वाक्य एकच हवं होतं: बाळाचे हात सुजले तर रक्त तपासा. त्याच्याखाली एकच फोटो. सुरगाण्याकडच्या एका बाळाचे दोन हात, पालथे, दुपट्यावर ठेवलेले.

मी फोटो उघडला, आणि मला पुढचं काही दिसेना.

बोटं सुजून तुकतुकीत झालेली. मनगटाशी घडी पडलेली. हाताच्या पाठीवर, जिथं बाळांना खळ्या असतात, तिथं खळ्याच नाहीत. मी हे हात पाहिले होते, माझ्या मांडीवर.

मी काम थांबवलं नाही. सवयीनं हात चालत राहिला. रंग उजळला. मग माऊसनं बोटं एकेक करून बारीक केली, घडी पुसली, खळ्या आणल्या. किती वेळ गेला कोण जाणे. झाले तेव्हा ते चांगल्या धडधाकट बाळाचे हात झाले होते. मी प्रूफ काढलं, आणि बाई आल्यावर भाऊंनी आणि मी ते बाहेर धरलं.

पलीकडून आवाज आला नाही. "मामा, काय दिसलं?" नाही, काही नाही. बाई रस्ता ओलांडून आल्या, गाड्यांकडे न बघता. कागदाच्या अगदी जवळ आल्या. त्यांना इतक्या जवळून वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"सूज कुठे गेली?"

भाऊ म्हणाले, "अगं ताई, टचअप मारलं काय तू त्याला? अगं आजाराचा फोटो आहे तो!" आणि बाईंकडे वळून, "चुकून झालं असंल बाई, आमच्याकडं सवय असते..."

बाईंनी छत्री आडवी करून त्यांना थांबवलं. माझ्याकडे बघत होत्या. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "कुणाचे हात पाहिलेत तुम्ही?"

तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि सांगितलं. माझा मुलगा. आम्ही गावीच होतो, आठ महिन्यांचा असताना त्याचे हातपाय असे सुजले. रडून रडून जीव जायचा. सासूबाई म्हणाल्या, हिनं कुठं तरी आपटला. शेजारीण म्हणाली, पाळण्यातून पडला असेल, ही सांगत नाही. तेल लावलं, शेकलं, सूज उतरली, परत आली. दीड वर्षाचा झाला आणि साध्या तापाचं निमित्त झालं, दोन दिवसांत गेला. मी आपटला नव्हता. पण इतक्या जणांनी म्हटल्यावर मला वाटायला लागलं होतं, की आपटला असेन, मला आठवत नसेल.

"तुम्ही आपटला नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणीच नाही आपटला."

एवढंच. वाईट वाटलं वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि चहाच्या गाडीपाशी आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मामांनी कप पुढं केला तरी वळल्या नाहीत. मग दोन कप घेऊन आल्या, एक मला दिला. माझा पिऊन झाला तरी त्यांच्या हातातला तसाच होता, वर साय धरलेली. त्यांची नजर माझ्या पुढं घेतलेल्या ओढणीवर होती.

"कितवा?"

"पाचवा, जी."

"बरं," म्हणाल्या. "आधी हा फोटो होता तसा करा. मग मराठी प्रत काढा. ती पोचवायला या वेळी तुम्ही माझ्याबरोबर यायचं."

बाईंची गाडी त्यांच्यासारखीच होती. हॉर्न वाजायचा नाही, म्हणून खिडकीतून छत्री बाहेर. वणी मागे पडलं, रस्ता चढणीला लागला. वाटेत त्या औषधाबद्दल, आजाराबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. भाताला आमच्याकडे काय म्हणतात, लोणच्याच्या खारात काय घालतात, असलं विचारत होत्या. मी मात्र पोटावर हात ठेवून एकच गोष्ट मनात घोळवत होते. आता त्या घरात मला ते हात बघावे लागणार.

पाड्यावरच्या त्या घरात ओसरी सारवलेली होती. बाळाची आई माझ्याहून लहानच असेल. बाईंनी पोस्टर जमिनीवर उलगडलं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. फोटो आता होता तसा होता. ती आई खाली वाकली, तिनं एका सुजलेल्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

"ह्यो माझे पोरीचाच हात हाय," ती म्हणाली. "पर नाव नाय लिवलं?"

बाईंनी समजावलं, नाव आणि चेहरा देता येत नाही. नियम असतो, तुमच्याच भल्यासाठी.

"मंग कुणाला कसा समजंल, ही माझी हाय?"

बाई छत्रीवर हनुवटी टेकून बसल्या. तेवढ्यात मागच्या दारानं एक मुलगी धावत आली. पाच-सहा वर्षांची, हातात नागलीची अर्धी भाकर. पाहुणे बघून आईच्या पाठीमागे लपली आणि भाकर खात आमच्याकडे डोकावून बघायला लागली.

"हीच ती," बाई मला म्हणाल्या. "फोटो पाच वर्षांमागचा आहे."

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. बारीक, काळेसावळे, नखांत माती. जी सूज मी माऊसनं उतरवली होती, ती इथं खरोखरच उतरली होती. औषध घेऊन, तपासण्या करून, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठून. मधूनमधून तिचं अंग अजून दुखायचं, एकदा रक्तही चढवावं लागलं होतं. आई ते सांगत होती आणि मुलगी भाकर खात होती. मला रडू आलं ते काही लपवता आलं नाही. ती मुलगी म्हणाली, "ह्या बाईला काय झालां?" तिच्या आईनं तिला गप्प केलं आणि मला पाणी आणून दिलं.

त्या घरातूनच बाईंना उत्तर सापडलं. त्यांना आठवलं, मूळ फोटोत बाळाच्या मनगटावर काळा दोरा होता, एक पांढरा मणी ओवलेला. शिकाऊ डॉक्टरनं फोटो आखूड कापला होता, त्यात दोरा गेला. बाईंनी आईला विचारलं, "दोरा तुम्ही बांधला होता?" ती हो म्हणाली. "मग तो ठेवू. नाव नाही, पण दोरा राहील. तुम्हाला कळेल, तिला कळेल." शिकाऊ डॉक्टर नंतर दुकानात येऊन म्हणाला, "मॅडम, दोऱ्याचा आजाराशी काही संबंध नाही." बाई मागे वळून कोण आलंय ते बघून घेतल्यावर म्हणाल्या, "अहो, बाळाशी आहे."

नाशिकला परत येताच माझी रक्ततपासणी झाली. माझ्यात तो थोडा निघाला. आता नवऱ्याचं रक्त बघायला हवं होतं. तो ऐकेना.

"पोस्टर छापू छापू तुलेच बिमारी लागली काय?" तो म्हणाला. "मी अंबडात दिवसभर लोखंड उचलतो. मले काय झालं? गेला तो गेला. आता कायले उकरून राहिली?"

मी बाईंना सांगितलं नव्हतं, पण दोन दिवस मी खाली मान घालून रिंगा ठोकत होते, त्यावरून त्यांना कळलं असावं. एका संध्याकाळी त्या आमच्या खोलीवर हजर. छत्री, पिशवी. नवरा नुकताच शिफ्टवरून आलेला. बाईंनी त्याच्याही तळहातावर फुटाणे ठेवले आणि चटईवर बसल्या. मी भात आणि वांग्याची भाजी वाढली, ती बोटं चाटून खाल्ली. रक्ताचं नाव नाही. कारखान्यातल्या मशीनचं विचारलं, साहेब कसा आहे विचारलं. मग हात धुता धुता म्हणाल्या, "मुलाचा फोटो आहे का हो? मी पाहिलाच नाही."

आमच्याकडे एकच चांगला फोटो आहे, त्याच्या मोबाइलमध्ये. मुलगा बापाच्या खांद्यावर बसलाय, दोन्ही हात बापाच्या केसांत. जत्रेत काढलेला. सगळे म्हणायचे, किती गुबगुबीत आहे.

बाईंनी फोन लांब धरून पाहिला, मग जवळ आणला.

"डोळे कुणाचे?"

"माहे," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो मुलाबद्दल बोलला होता.

"आणि हसणं?"

"तेही माहंच म्हणतेत सारे."

बाईंनी फोन त्याच्या हातात परत दिला. तो फोटोकडे बघत राहिला. मी बघितलं, तो मुलाचे डोळे बघत नव्हता, हात बघत होता. मग त्यानं कामाच्या शर्टाची बाही वर केली आणि हात बाईंपुढं धरला. "घ्या जी," म्हणाला. बाईंकडे सुई नव्हती, काही नव्हतं. त्याला वाटलं त्या त्यासाठीच आल्या आहेत. "उद्या या," बाई म्हणाल्या, आणि तो हात त्यांनी दोन्ही हातांत थोडा वेळ धरला.

त्याच्यातही निघाला. म्हणजे होणाऱ्या बाळाला पुरा आजार असण्याची चारांतली एक शक्यता. बाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं, काहीही गोड न करता. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. दुकानात मी वाढदिवसाचे फ्लेक्स करायची, आणि चेहरे उजळता उजळता मनात म्हणायची, तीन भाग आपल्या बाजूनं आहेत, तीन भाग.

ते पोस्टर कॉन्फरन्सला गेलं. बाई आल्या, फुटाणे वाटले. भाऊंनी विचारलं, "काय बाई?"

"एकाचा गार झाला," त्या म्हणाल्या. "कप तिथंच ठेवून गेला. आपल्या दवाखान्यात बाळांचं रक्त तपासायला लावतो म्हणाला." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा दुकानात बसलेलं पाहिलं. रिकाम्या रोलवर बसल्या होत्या.

मुलगी झाली. जन्मतःच तिचं रक्त तपासायला गेलं. चौथा भाग आमच्या वाट्याला आला.

निकाल सांगताना बाईंनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी म्हटलं, "मग ही पण जाईल?" बाई रागावल्या. माझ्यावर त्या एकदाच रागावल्या, तेव्हाच. "तुमच्या मुलाबद्दल कुणाला काही माहीतच नव्हतं. हिच्याबद्दल आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हे दोन्ही सारखं आहे का?"

सारखं नव्हतं. रोजचं औषध, सगळ्या लसी, पाणी पाजत राहणं, थंडीत जपणं. अंग तापलं की शिफ्ट असो, लग्न असो, तडक दवाखाना. दोनदा तिला भरती करावं लागलं. तिचेही हात एकदा सुजले. पण त्या वेळी कुणी आपटलं म्हटलं नाही. मीच सासूबाईंना फोनवर सांगितलं हे काय असतं. मग त्या रडत म्हणाल्या, "माय, मले माहीत नव्हतं वं." मलाही कुठं माहीत होतं?

आता ती तीन वर्षांची झाली. तिच्या दादाचं वय तिनं मागे टाकलं त्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नाही. दुकानात फुटाणे नेऊन वाटले फक्त. भाऊ म्हणाले, "बाईंची हवा लागली गं तुला."

बाई आता निवृत्त झाल्यात. गुडघ्यांमुळे रस्ता ओलांडणं जमत नाही. चहावाले मामा अजून विचारतात, "त्या वाचणाऱ्या बाई येत नाहीत आता?" आठवड्यातून एकदा कुणी तरी गाडीनं त्यांना सुरगाण्याकडे नेतं, तिथं त्या मुलं तपासतात. मी एकदा विचारलं होतं, बाई, मी तुम्हाला काय देऊ? तर म्हणाल्या, "प्रूफ नीट बघत जा." इतकी वर्षं त्यांना माझ्या मुलाची कथा माहीत होती, पण त्याचा फोटो पोस्टरसाठी कधी मागितला नाही. मागितला असता तर मी दिला असता. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच मागितला नसावा.

तो फोटो मी अजून दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडलेला नाही. मोठा करून बघायचा धीर होत नाही. पण बाई, एक दिवस मी तो उघडणार आहे. आमच्या बोलीत एक पोस्टर करणार आहे, एकच वाक्य मोठं, आणि खाली त्याचे हात, बापाच्या केसांतले. उजळणार नाही, बारीक करणार नाही. त्याच्याही मनगटावर दोरा आहे, तो कापणार नाही. आधी सासूबाईंना दाखवीन, आमच्या ओसरीवर, कोपऱ्यांना दगड ठेवून. मग गावातल्या अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीला लावीन, जिथून लेकरं कडेवर घेऊन बाया जातात. तुम्हाला न्यायला मी वडसा स्टेशनवर येईन. आमच्याकडचा रस्ता अरुंद आहे, फारशा गाड्या नाहीत, छत्री कुणावर आपटावी लागायची नाही. पलीकडे चिंचेखाली खुर्ची टाकून ठेवीन. चहा मीच करून आणीन, आणि तुमचं वाचून होईपर्यंत तो गार झाला, तर मी दुसरा करीन.